रोजचं लिखाण पोट भरतं, पण स्वतःचं कधी लिहिता? (लिहून कमावणाऱ्यांसाठी धागा)

टंकाळा

नमस्कार मंडळी. इथे लिहून पोट भरणारे बरेच जण आहेत म्हणून विषय काढतोय. मी एका डेली मालिकेचे संवाद लिहितो. ज्यांना हे काम आतून माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा केल्या की साधारण २२ मिनिटांचा एपिसोड उरतो, असे आठवड्याला ६, महाएपिसोड असला की अजून जास्त. कथा एक जण लिहितो, पटकथा दुसरा, संवाद तिसरा, तो तिसरा मी. चॅनलकडून ट्रॅक (म्हणजे कथा पुढे कुठे जाणार ते) लॉक होतो, पटकथा हातात येते आणि तिथून माझं काम सुरू. बँक असली (म्हणजे शूट होऊन तयार पडलेले एपिसोड) तर श्वास घेता येतो, पण सणासुदीत किंवा एखादा कलाकार आजारी पडला की बँक संपते आणि मग रात्री लिहिलेला सीन सकाळी व्हॉट्सॅपवर सेटला जातो आणि दुपारी शूट होतो. गुरुवारी टीआरपी येतो, आकडा पडला की ट्रॅक बदलतो, मग लिहून झालेले सीन परत पहिल्यापासून.

तक्रार म्हणून सांगत नाहीये. मला हे काम मनापासून आवडतं आणि या कामाने मला एक गोष्ट दिली जी कुठल्या लेखन शिबिरात मिळाली नसती, ती म्हणजे मूडची वाट बघणं सुटलं. तिकडे लाइट लागलेत, मेकअप झालाय, अख्खं युनिट कागदाची वाट बघतंय, तेव्हा "सुचत नाहीये" म्हणायची सोयच नसते. आणि सुचतं. रोज सुचतं.

अडचण दुसरीकडे आहे. माझ्या डोक्यात कधीपासून एक कथा आहे, मालिकेची नाही, माझी. गावाकडच्या एका बंद पडलेल्या सूतगिरणीची आणि तिथल्या वॉचमनची. ती या वर्षी दिवाळी अंकासाठी लिहायची असं ठरवलंय. लिहायला बसलो की पानं भरतात, फार पटकन भरतात, पण वाचून बघतो तर वॉचमन पण मालिकेतल्या सासऱ्यासारखा बोलतो आणि प्रत्येक प्रसंग ब्रेकच्या आधी थांबतो तसा एखाद्या वाक्यावर अडकून थांबतो. म्हणजे शिस्त आहे हो माझ्याकडे, भरपूर आहे, पण ती त्या कामाची शिस्त आहे आणि इकडे आली की कथेचा जीवच जातो. तर जे लोक दोन्ही करतात, पोटाचं आणि स्वतःचं, ते कसं करतात? वेळ कुठली ठेवता, आणि मुख्य म्हणजे हात कसा बदलता?

पारिजात

धागा काढल्याबद्दल खूप आभार, हे कधीतरी कोणीतरी विचारायलाच हवं होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, वर्तमानपत्राच्या पुरवणीत पंधरवड्याचं सदर लिहिते आणि मुलांसाठी गोष्टी लिहिते. त्यात बीएलओचं (मतदारयादीचं) काम, सर्वेक्षणं, शाळेची ऑनलाइन माहिती भरणं हे सगळं येतंच, त्यामुळे "रोज सकाळी दोन तास" वगैरे सल्ले मला कधीच लागू पडले नाहीत आणि त्याचं वाईट वाटणंही आता मी बंद केलंय. मी सदर आणि गोष्ट यांची जागाच वेगळी केली. सदर लॅपटॉपवर, जेवणाच्या टेबलाशी, घरात माणसं असताना. गोष्ट मात्र फोनवर बोलून लिहिते, मराठी व्हॉइस टायपिंग आता बरंच चांगलं चालतं, गच्चीवर फेऱ्या मारत बोलायचं, चुका नंतर दुरुस्त करायच्या. मुलांची गोष्ट कानाला कशी लागते ते बोलताना लगेच कळतं. तुमचं कदाचित उलटं असेल, तुम्ही दिवसभर बोलकंच लिहिता, तर तुम्ही कागदावर पेनाने लिहून बघा. हात हळू चालतो, त्यामुळे सवयीचं वाक्य येण्याआधी थोडा वेळ मिळतो.

शांताबाई शेळक्यांबद्दल मला नेहमी वाटतं, अत्र्यांच्या नवयुग साप्ताहिकात उपसंपादकी केली, नंतर कॉलेजात शिकवलं, सेन्सॉर बोर्डाचं काम केलं, चित्रपटांची गाणी मागणीबरहुकूम लिहिली, अनुवाद केले, आणि कविताही थांबली नाही. एवढ्या प्रकारचं लिखाण करणाऱ्या बाईकडे प्रत्येकासाठी वेगळा कान असणार. वेळेचं नियोजन सगळे सांगतात, पण कान वेगळा ठेवण्याबद्दल कोणी बोलत नाही.

आडवाट

मी थोडा विरुद्ध बोलणार आहे, राग मानू नका. शिस्तीचं कौतुक हल्ली जरा जास्तच होतंय. जो तो सांगतो रोज ५०० शब्द लिहा, रोज हजार लिहा, ॲपमध्ये स्ट्रीक (एकही दिवस न चुकवल्याची साखळी) ठेवा. त्याने शब्द होतात, लिखाण होतंच असं नाही. मी कविता लिहितो, पोटासाठी जाहिरात एजन्सीत कॉपी लिहितो, आणि माझ्यासमोर कायम अरुण कोलटकर असतात. जाहिरात क्षेत्रात नाव असलेला ग्राफिक डिझायनर माणूस, म्हणजे क्लायंट, डेडलाइन, री-वर्क सगळं बघितलेला. पण त्यांनी ते घड्याळ कवितेला लावलं नाही. १९७७ साली मराठी कवितासंग्रह आला आणि त्यानंतरचे मराठी संग्रह थेट २००० नंतर. मधल्या काळात लिहीत नव्हते असं अजिबात नाही, लिहीत होते, छापायची घाई नव्हती. मुंबईत काळा घोडाच्या त्या चौकावर वेसाइड इन हॉटेलात बसून वर्षानुवर्षं रस्त्याकडे बघणं, आणि त्या कवितांचं इंग्रजी पुस्तक २००४ ला. एवढी वाट बघायची ताकद कुठल्या वेळापत्रकातून येणार?

टंकाळा, तुझ्या कथेला शिस्त कमी पडत नाहीये. रिकामा वेळ कमी पडतोय. सूतगिरणीपाशी जाऊन काही न लिहिता बसून ये.

अनुवादी

@आडवाट, पण वर्षानुवर्षं एकाच हॉटेलात एकाच खिडकीशी जाऊन बसणं हीसुद्धा शिस्तच झाली की.

आडवाट

नाही, इथे मोठा फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे म्हणून परत लिहितोय. त्या बसण्यातून आज काही निघालंच पाहिजे अशी अट नव्हती. आपण ज्याला शिस्त म्हणतो तिच्यात ही अट असते, म्हणूनच ती पैशाच्या कामाला चालते. जायचं रोज, पण हिशोब मागायचा नाही, याला दुसरं काहीतरी नाव द्या, माझी हरकत नाही.

वाळूघड्याळ

न्यू जर्सीहून. मी सॉफ्टवेअर कंपनीत टेक्निकल रायटर आहे, दिवसभर युजर मॅन्युअल आणि रिलीज नोट्स, संध्याकाळी मराठी. इथल्या मंडळाच्या गणपतीसाठी एकांकिका लिहितो, आणि एक कादंबरी चालू आहे.

आडवाट यांचं म्हणणं कवितेला लागू असेल, लांब गद्याला नाही असं माझं स्पष्ट मत आहे. अँथनी ट्रोलप या इंग्रज कादंबरीकाराचं उदाहरण देतो. टपाल खात्यात पूर्ण वेळ नोकरी, पहाटे साडेपाचला टेबलाशी, घड्याळ समोर ठेवून पाव तासाला २५० शब्द असा स्वतःशी करार. त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. आत्मचरित्रात हे सगळं प्रांजळपणे सांगितलं, ते त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली आलं आणि बऱ्याच टीकाकारांना ते रुचलं नाही, कारण कलावंत असा घड्याळाने चालतो हे त्यांना ऐकायचं नव्हतं. पण त्याच पुस्तकात एक गोष्ट आहे जी लोक सोडून देतात. त्या तीन तासांतला पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशी लिहिलेलं वाचण्यात घालवायचा, आणि ते वाचताना कानाने ऐकायचा. म्हणजे २५० शब्दांच्या आधी अर्धा तास फक्त त्या आवाजात परत शिरण्यासाठी. मी हे सुरू केल्यापासून माझा मॅन्युअलवाला हात कादंबरीत येणं खूप कमी झालंय. ऑफिसमधून थेट कादंबरीवर उडी मारायचो तेव्हा पात्रं पण सूचना दिल्यासारखी बोलायची. टंकाळा, तुमच्या प्रश्नातला "हात कसा बदलता" हा भाग मला यामुळेच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

सुरावट

सगळ्यांचं वाचलं, आणि मला राहवत नाही म्हणून गीतरामायणाबद्दल लिहिते, कारण या विषयावर मराठीत त्याच्याइतकं मोठं उदाहरण मला दिसत नाही.

१ एप्रिल १९५५, रामनवमी, शुक्रवार. पुणे आकाशवाणीवर पहिलं गीत लागलं. तिथून दर आठवड्याला एक नवं गीत, पुढच्या रामनवमीपर्यंत, म्हणजे १९ एप्रिल १९५६. त्या वर्षी अधिक महिना आला त्यामुळे एकूण ५६ गीतं झाली. गदिमांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल लावायची, गायक ठरवायचे, वादक जमवायचे, रेकॉर्डिंग, प्रक्षेपण, आणि हे होईपर्यंत पुढचा आठवडा उभा. आणि गदिमा तेव्हा मोकळे बसले नव्हते हो, पटकथा, चित्रपटगीतं, सगळं चालू होतं. पहिल्या गीताचा कागदच ऐन वेळी हरवला आणि सीताकांत लाडांनी त्यांना खोलीत बसवून ते परत लिहून घेतलं, हा किस्सा तुम्ही ऐकला असेल.

पण मला किश्शापेक्षा दुसरं सांगायचंय. गोष्ट आधीच ठरलेली होती. वाल्मीकींनी ठरवलेली. पुढे काय होणार हे ऐकणाऱ्या प्रत्येक घराला माहीत. म्हणजे टंकाळा, तुमच्या भाषेत ट्रॅक लॉक, पटकथा हातात, फक्त लिहायचं. मग गदिमांनी स्वातंत्र्य कुठे घेतलं? बोलणार कोण, यात. कधी कौसल्या, कधी निषाद, कधी शूर्पणखा, कधी सीता. प्रत्येक आठवड्याला आवाज वेगळा, वृत्त वेगळं, त्या माणसाचा स्वभाव वेगळा, आणि फडक्यांनी त्याप्रमाणे राग वेगळे घेतले, माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, ललिता फडके असे गायक घेतले. जिथे हात बांधलेले होते तिथे त्यांनी ताकद घालवली नाही, जिथे मोकळे होते तिथे सगळी लावली. मला वाटतं पोटासाठी लिहिणाऱ्याने हेच आधी शोधायला हवं, की आपल्या कामात आपला हात नक्की कुठे मोकळा आहे. तुमच्या मालिकेत पण अशी जागा असणार. एखादी मोलकरीण, एखादा रिक्षावाला, ज्याच्याकडे चॅनलचं लक्ष नाही. त्याला त्याचीच भाषा द्या. मग संध्याकाळी वॉचमन लिहिताना सुरुवात शून्यातून होणार नाही.

आडवाट

सुरावट ताई, सुंदर लिहिलंत, वाचून अंगावर काटा आला. एकच जोडतो. आठवड्याला एक. ६ नाही.

सुरावट

हो, ते मान्य, आणि ते मी लिहायला हवं होतं. वेग हा यातला फार मोठा भाग आहे.

जुना खिळा

उशिरा आलो. मी आयुष्यभर छापखान्यात आणि नंतर एका दिवाळी अंकाच्या संपादनात काढलं, खिळे (छपाईचे अक्षरांचे ठसे) जुळवण्यापासून कॉम्प्युटरवरच्या युनिकोडपर्यंत सगळं हाताखालून गेलंय. आता निवृत्त आहे पण दर जूनमध्ये अंकवाले बोलावतात.

शिस्त विरुद्ध प्रतिभा हा वाद आमच्या बाजूने बघितला तर वेगळाच दिसतो. १९०९ साली का. र. मित्रांनी मनोरंजन मासिकाचा दिवाळी अंक काढला, तिथून आजपर्यंत मराठी कथेचा एक मोठा हिस्सा संपादकाचं पत्र आलं म्हणून लिहिला गेलाय. पत्र नसतं आलं तर त्यातल्या कितीतरी कथा लेखकाच्या डोक्यातच राहिल्या असत्या. आणि हे लिहिणारे बहुतेक नोकरदार. व. पु. काळे मुंबई महापालिकेत आर्किटेक्ट, व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीत, नारायण सुर्वे गिरणीत, मग शाळेत शिपाई, मग शिक्षक. जयवंत दळवी युसिसमध्ये (अमेरिकन सरकारच्या माहिती खात्यात) नोकरी करून ललित मासिकात ठणठणपाळ या नावाने दर महिन्याला सदर लिहायचे, आणि कथा, कादंबऱ्या, नाटकं वेगळी. महिन्याचं सदर वर्षानुवर्षं ताजं ठेवणं किती अवघड असतं हे सदर लिहिणाऱ्यालाच कळेल, पारिजात ताईंना विचारा.

पण संपादक म्हणून मी एक पाहिलंय ते सांगतो. जे लेखक वर्षानुवर्षं चांगलं लिहीत राहिले ते वेळेवर द्यायचे, हे खरं, पण त्याहून जास्त महत्त्वाचं म्हणजे ते नाही म्हणायचे. सहा अंकांकडून पत्र आलं तर दोघांना हो म्हणायचे. ज्यांनी सहाही घेतले त्यांची तिसरी कथा पहिलीसारखी आणि पाचवी दुसरीसारखी यायची, आणि आम्हाला टेबलावर ते लगेच दिसायचं, वाचकालाही दिसायचं. शिस्त म्हटली की लोकांना फक्त जास्त लिहिणं आठवतं. कमी घेणं ही त्यातली अवघड बाजू आहे, विशेषतः घर लिखाणावर चालत असेल तेव्हा. मी हे हलकं करून सांगत नाही. भाडं, हप्ते, मुलांच्या फिया असताना काम सोडणं सोपं नसतं.

अनुवादी

खिळेकाका, हे वाक्य मी लिहून ठेवतेय. मी पूर्ण वेळ अनुवाद करते, शब्दाप्रमाणे पैसे मिळतात, त्यामुळे प्रत्येक रिकामा तास म्हणजे बुडालेले पैसे असं डोकं सतत हिशोब करतं. सरकारी योजनांची पत्रकं, औषधांच्या खोक्यातली घडी घातलेली माहितीपत्रकं, ॲपची बटणं, सगळं करते. ट्रान्सलेशन मेमरी (आधीचे अनुवाद साठवून ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरली की जुनी वाक्यं आपोआप समोर येतात, कामाला उत्तम, पण तेच वाक्य परत परत मंजूर करून करून भाषेची चव जाते हे मी अनुभवलंय. उपाय म्हणून मी रात्री झोपण्याआधी ज्यात माझ्या कामाचं काहीही नाही असं मराठी मोठ्याने वाचते. ओव्या, लोककथा, जुनी पत्रं. लिहिणं होवो न होवो, वाचणं मी सोडत नाही. इथे सगळे लिहायच्या वेळेबद्दल बोलतायत, पण दिवसभर भाषा खर्च होत असेल तर ती भरायची वेळ पण ठरवून ठेवावी लागते, विहिरीला उन्हाळ्यात उपशावर बंधन घालतात तशी. माझ्यासाठी हीच खरी शिस्त आहे.

वाळूघड्याळ

+१. आणि टंकाळा, अजून एक अगदी कामाची सूचना. पहिला खर्डा संवादाशिवाय लिहा. एकही अवतरणचिन्ह नाही. वॉचमन काय बोलला ते तुम्ही निवेदनातून सांगा, किंवा तो गप्पच राहू दे. तुमचा तयार हात संवादात आहे, त्याला सुरुवातीला कामच देऊ नका. दुसऱ्या खर्ड्यात जिथे अगदीच लागेल तिथे बोलू द्या.

टंकाळा

मंडळी, दोन दिवस एपिसोडांत अडकलो होतो, आत्ता सगळं नीट वाचलं. काय लिहू कळत नाहीये, इतकं मनापासून कोणी उत्तर देईल असं वाटलं नव्हतं.

वाळूघड्याळ, तुमची संवादबंदी आज सकाळी करून बघितली, पारिजात ताईंनी सांगितलं तसं वहीत पेनाने. खूप अडखळलो. पण एक पान झालं आणि त्या पानात वॉचमन गेटची कडी लावतो, परत उघडतो, परत लावतो, एवढंच करतो, आणि मला पहिल्यांदाच तो माणूस दिसला. हे मालिकेत लिहिलं असतं तर पहिल्या मिनिटाला कट झालं असतं, आणि ते बरोबरच आहे, तिथे त्या मिनिटाचे पैसे असतात.

आडवाट, तुझ्याशी मी अर्धा सहमत आहे. जायचं रोज, हिशोब मागायचा नाही, हे पटलं. पण मी रोज ठरवून बसलो नाही तर जाणारच नाही हेही मला माहितीये, कारण फोन वाजतो आणि तिकडचं काम कायम तातडीचं असतं. म्हणून असं ठरवलंय की उठल्यावर फोन सुरू करायच्या आधी वही, तासभर, पण शब्द मोजायचे नाहीत. कोरा गेला तास तरी चालेल. आणि सुरावट ताई, आमच्या मालिकेत एक इस्त्रीवाला आहे, त्याला आत्तापर्यंत "साहेब कपडे आणलेत" एवढंच वाक्य होतं. त्याच्याकडे आता लक्ष देतोय.

खिळेकाका, नाही म्हणण्याबद्दल. मला दुसऱ्या मालिकेचे संवाद पण विचारलेत. पैसे चांगले आहेत. तुमचं वाचल्यापासून दोन्ही बाजूंनी विचार करतोय, घरी पण बोललो, बायको म्हणाली कथा होईपर्यंत थांब, पुढचं पुढे बघू. बहुतेक थांबेन.

आडवाट

कोरा गेला तरी चालेल, हे म्हणालास तिथे माझं भांडण संपलं. फक्त कोरा गेला की दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दोन तास बसू नकोस.

पारिजात

इस्त्रीवाल्याचा एपिसोड कधी लागणार ते नक्की सांगा, घरी सगळ्यांना बसवून बघेन. आणि माझ्यासारख्या ज्यांना सकाळचा तास पण मिळत नाही त्यांनी खचून जाऊ नये म्हणून लिहिते, माझं पुस्तक शाळेच्या सुट्ट्यांमध्येच पूर्ण झालं, उन्हाळ्यात आणि दिवाळीत. रोज जमलं नाही तरी होतं. उशीर लागतो.

जुना खिळा

टंकाळा, व्यवहाराचं सांगून ठेवतो कारण दरवर्षी नवीन लेखक यातच अडकतात. बऱ्याच अंकांचं काम मे-जूनमध्ये सुरू होतं, जुलै अखेरीपर्यंत मजकूर हातात आला तर संपादकाला तो नीट वाचून दोन सूचना करायला वेळ मिळतो, गणपतीच्या सुमारास आलेला मजकूर जागा भरायला घेतला जातो. ज्या अंकाला पाठवणार त्याचे मागचे दोन-तीन अंक आधी वाचा. एका वेळी एकाच अंकाला पाठवा, युनिकोडमध्ये, पानं नंबर घालून, आणि कथा कुठेही पूर्वप्रसिद्ध नाही असं मेलमध्ये लिहा. मानधन किती आणि कधी हे आधी विचारायला संकोच करू नका, चांगला संपादक त्याने दुखावत नाही. आणि कथा जुलैपर्यंत झाली नाही तर या वर्षी देऊ नका. पुढच्या वर्षी पण अंक निघणार आहेत.